पाणलाव्यांची नोंद

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे भोंगा म्हणायचे. मीही म्हणायचे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी साळसूदपणाचा आव आणते आहे असं कोणाला वाटायला नको. तोंडावर काका आणि पाठ वळली की भोंगा, अशी आमची रीत होती, आणि ती त्यांना पूर्ण माहीत होती.

ऑफिस म्हणजे तरी काय, तलावाच्या काठावर दोन खोल्या. एकीत मी आणि फायली, दुसरीत हेडक्लार्क, त्यांची उशी आणि चहाची किटली. मागे बाग आणि छपरावर लाल रंगाचा भोंगा. शहराला पाणी पुरवणारा हा तलाव मातीच्या बांधाने अडवलेला आहे. बांध लांबलचक, तीन मजली घराएवढा उंच, पाण्याच्या बाजूला दगड बसवलेले आणि पलीकडच्या उतारावर गवत. त्या उताराच्या पायथ्यापासून हाकेच्या अंतरावर वसाहत सुरू होते, चारशे घरांची. बांध फुटला तर ती सगळी पाण्याखाली जायला किती मिनिटं लागतील याचा आकडा माझ्या टेबलाच्या काचेखाली होता. सात.

मी तिथे रुजू होण्याच्या नऊ वर्षं आधी काका बांधाचे राखणदार होते. रोज सकाळी पट्टीवर पाण्याची पातळी बघायची, पायथ्याशी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, कुठे ओल दिसते का ते नोंदवहीत लिहायचं, एवढं काम. एका दुपारी त्यांना पायथ्याशी पाणी वाहताना दिसलं. मागचापुढचा विचार न करता धावत येऊन त्यांनी भोंग्याचं बटण दाबलं. चारशे घरं जीव मुठीत धरून टेकडीकडे पळाली. त्या पळापळीत एक आजी जिन्यावरून पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं, ती पुन्हा धड चालली नाही. आणि पाणी निघालं बागेच्या फुटलेल्या पाइपाचं.

चौकशी झाली. काकांच्या हातून नोंदवही काढून घेतली, त्यांना बागेच्या कामाला लावलं, आणि पायथ्याच्या तारेच्या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही असा लेखी हुकूम दिला. तो कागद त्यांनी घडी करून पाकिटात ठेवला होता. त्या आजीकडे ते दर महिन्याला जाऊन बसायचे, ती जाईपर्यंत. हे मला फार उशिरा कळलं.

पाण्याबद्दल लिहायची बंदी झाली, तेव्हा हा माणूस पक्ष्यांबद्दल लिहायला लागला. कुठूनशी एक जुनी दुर्बीण पैदा केली. तिची एक काच धुरकट होती आणि पट्ट्याच्या जागी बुटाची नाडी. शाळेत वापरतात तशा जाड वह्या, त्यांत पट्टीने आखलेले रकाने: तारीख, वेळ, वारा, पक्षी, किती, कुठे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने नंबर. सकाळी झाडांना पाणी घालून झालं की बागेच्या कुंपणाशी उभं राहून बघायचं आणि लिहायचं. हेडक्लार्क म्हणायचे, ‘‘आता बदकं पळाली की वाजवतील.’’ आम्ही हसायचो.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, नोकरीचं दुसरं वर्ष, कनिष्ठ अभियंता. काकांच्या जागी आलेला राखणदार खोलीतून न हलता रोज नोंदवहीत ‘सर्व ठीक’ लिहायचा. दर आठवड्याला स्वतः पायथ्याशी जाऊन पाहणी करणं आणि त्याखाली सही करणं हे माझं काम होतं. सही मी न चुकता करत होते. पायथ्याशी मात्र दोन महिन्यांत एकदाही फिरकले नव्हते.

त्या हिवाळ्यात मुख्य ऑफिसातून एक फॉर्म आला: तलावावरच्या पाणपक्ष्यांची संख्या भरून पाठवा. मी काकांना बोलावलं. ‘‘काका, अंदाजे आकडे सांगा, भरून टाकते.’’

‘‘अंदाजे कसं सांगू मॅडम? मोजायला लागतील. सगळा तलाव फिरून.’’

‘‘मग तुम्हीच फिरून या.’’

‘‘तुम्ही पण या ना,’’ ते म्हणाले. ‘‘उद्याच जाऊ. सकाळी सातला.’’

या माणसाने एवढा आग्रह कधी केला नव्हता. तीन दिवस ते माझ्या दाराशी येऊन उभे राहत होते. सोमवारी मी फोनवर होते. मंगळवारी म्हणाले, ‘‘मॅडम, जरा बोलायचं होतं,’’ आणि मागून हेडक्लार्क म्हणाले, ‘‘आज वाजणार वाटतं!’’ मला हसू आवरलं नाही. काकाही कसनुसं हसले आणि निघून गेले. आता बुधवारी फॉर्मचं निमित्त मिळालं, ते त्यांनी घट्ट पकडलं.

त्यांना काय सांगायचं होतं ते तुमच्यापासून मी लपवत नाही. त्यांना संशय होता की बांध पाझरतोय. खात्री करायला आत जायची परवानगी नव्हती, आणि ‘पाझर’ हा शब्द त्यांनी तोंडातून काढला असता तर आम्ही पोट धरून हसलो असतो. म्हणून न बोलता मला तिथपर्यंत न्यायचं, आणि माझ्या डोळ्यांना दिसू द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

गुरुवारी सकाळी वारा असा सुटला होता की ऑफिसचं दार उघडताना हातातून सुटून भिंतीवर आदळलं. तलाव काठोकाठ भरलेला. लाटा एकामागून एक बांधाच्या दगडांवर आपटत होत्या, त्यांचे तुषार वरच्या रस्त्यापर्यंत उडत होते. काका टोपीवरून मफलर बांधून तयारच होते.

‘‘बांधापासून सुरू करू,’’ ते म्हणाले.

‘‘छे हो, त्या वाऱ्यात वर कोण जाणार? बांध शेवटी. आधी पलीकडच्या काठाने जाऊ, झाडांच्या आडोशाने.’’

त्यांनी खिशातून पाकीट काढलं, त्यातला घडी घातलेला कागद चाचपला आणि परत ठेवलं. ‘‘बरं,’’ म्हणाले. माझ्या त्या एका वाक्याने तीन तास गेले.

आम्ही चालायला लागलो. मोजणीचा त्यांचा हात विलक्षण होता. पाण्यावर काळ्या ठिपक्यांची ही गर्दी असायची, ते दुर्बीण डोळ्याला लावून ओठ न हलवता बघायचे आणि म्हणायचे, ‘‘चांदवे, एकशे बारा.’’ थापट्या बदकं चाळीस. पाणकावळे नऊ, वाऱ्याकडे तोंड करून बसलेले. मी फॉर्ममध्ये लिहीत होते, कागद फडफडत होता. दर दोनशे पावलांवर ते थांबायचे, आणि दुर्बीण पाण्याकडे न वळवता मागे, बांधाकडे वळवायचे.

‘‘तिकडे काय बघता सारखं?’’

‘‘लाटा मोठ्या आहेत.’’

‘‘असणारच. वारा आहे.’’

‘‘हो ना,’’ ते म्हणाले आणि झपाझप चालायला लागले. साठीला टेकलेला माणूस, पण मला गाठता येईना.

एका खाचेत वाळक्या बोरूंच्या आड काहीतरी हललं. मी कंटाळले होते. म्हटलं, ‘‘बदकंच असणार. चार लिहिते.’’

‘‘नको.’’ आवाज एकदम कडक. ‘‘दिसला नाही तो पक्षी लिहायचा नाही.’’

‘‘अहो काका, चार बदकांनी कोणाचं काय जातंय?’’

‘‘एकदा लिहिलं होतं मी,’’ ते म्हणाले, ‘‘न बघता. पाणी कुठून येतंय ते न बघता.’’ मग आपलं जास्त बोलून झालं असं वाटून त्यांनी वही उघडली आणि उगाचच वाऱ्याची दिशा लिहिली.

मी डोकावले. शेवटी एक रकाना होता, तो फॉर्ममध्ये नव्हता. ‘पहिला कोणी बघितला.’ खाली ओळीने स्वतः, स्वतः, स्वतः.

‘‘हे कशाला?’’

‘‘पक्षी बघणाऱ्यांत तशी पद्धत आहे. ज्याला आधी दिसला, त्याच्या नावावर. दुसऱ्याचा पक्षी आपल्या नावावर घ्यायचा नाही.’’

‘‘पण तुम्ही तर एकटेच बघता.’’

‘‘म्हणून काय झालं? रकाना पाहिजे.’’

थोडं पुढे पाण्यात बुडालेल्या फांदीवर निळं काहीतरी चमकलं. ‘‘काका, तो बघा!’’ मी ओरडले. खंड्या होता, वाऱ्याने पिसं उलटी झालेली. काकांनी बघितलं, आणि वहीत लिहिलं: खंड्या, एक. शेवटच्या रकान्यात: मॅडम. मला शाळेत शाबासकी मिळाल्यासारखा आनंद झाला. एवढी खूश झाले की दगडावर बसून मी थर्मास उघडला.

‘‘चहा नंतर घेऊ,’’ काका म्हणाले.

‘‘पाच मिनिटं.’’

‘‘मॅडम, नंतर घेऊ. चला.’’

मला राग आला. मी वरिष्ठ, हा बागेतला माणूस, आणि मला चला म्हणतो. मुद्दाम सावकाश चहा ओतला, थर्मासच्या झाकणात, फुंकर घालत प्यायले. काका पाठ करून उभे होते, दुर्बीण बांधाकडे. या पायावरून त्या पायावर होत होते. मला वाटलं थंडीने.

बांधाच्या दुसऱ्या टोकाला पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते. वर चढल्यावर वाऱ्याने मला अक्षरशः ढकललं, मी कठड्याला धरून बसकण मारली. एका बाजूला पाणी पायाखालच्या दगडांवर आदळत होतं, दुसऱ्या बाजूला गवताचा उतार, खाली तारेचं कुंपण, त्यापलीकडे वसाहतीची छपरं. कोणीतरी गच्चीवर कपडे वाळत घालत होतं आणि चादर हातातून सुटू नये म्हणून झटत होतं. काका त्या बाईकडे बघत राहिले.

‘‘खाली जाऊ,’’ ते म्हणाले. ‘‘पायथ्याला.’’

‘‘पायथ्याला कसले पाणपक्षी? कोरडं आहे तिथे.’’

‘‘तेच,’’ काका म्हणाले.

पायऱ्या उतरून आम्ही फाटकाशी आलो. माझ्याकडे किल्ली होती. मी कुलूप काढलं, आत गेले. ते बाहेरच थांबले.

‘‘या ना.’’

‘‘मला परवानगी नाही. लेखी आहे.’’

‘‘अहो, मी सांगते आहे ना!’’

‘‘तुमच्या सांगण्याने लेखी खोडत नाही.’’ त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून तारेवरून माझ्या हातात दिली. ‘‘चौथ्या खांबापासून खाली बघा. उंच गवत आहे ना, त्याच्या मुळाशी. घाई करू नका.’’

बघितलं. गवत, माती, गवत. डोळ्यांत पाणी आलं वाऱ्याने. ‘‘काही नाही हो,’’ मी म्हणाले आणि वैतागून दोन पावलं पुढे टाकली, तशी माझ्यापासून दहा हातांवरून एक तपकिरी पक्षी खरखरीत ओरडत उडाला, वेडावाकडा, नागमोडी. मागोमाग दुसरा. मग एकदम तीन.

‘‘पाणलावा,’’ काका म्हणाले. ‘‘पाच.’’ आवाज अगदी खाली गेला होता.

‘‘मग? लिहा की.’’

‘‘मॅडम, इकडे या.’’ त्यांनी वही उघडून तारेला टेकवली आणि डावीकडच्या पानावर बोट ठेवलं. तीन ओळी. सोमवारी एक, मंगळवारी दोन, बुधवारी तीन. ‘‘अकरा वर्षं मी या कुंपणातून बघतोय. या जागी पाणलावा एकदासुद्धा आला नाही. त्याची चोच लांब असते, पण मऊ. चिखलात खुपसून किडे काढतो. कोरड्या मातीत ती शिरत नाही. पाऊस थांबून चार महिने झाले. तलावाकाठचा चिखल सगळा पाण्याखाली, तो तुम्ही आत्ता फिरून बघितलात. मग हा इथे काय खातोय?’’

एवढं ते एका दमात बोलले आणि थांबले. पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. मला गरजही उरली नव्हती.

मी धावले. चौथ्या खांबाच्या खाली गवतात पाय टाकला तो घोट्यापर्यंत रुतला. बूट आत राहिला, पाय बाहेर आला. गवत बाजूला केलं. मुठीएवढ्या खळग्यातून पाणी वर येत होतं, हळूहळू, आवाज न करता, आणि गवताच्या मुळांमधून बाजूच्या चरीकडे सरकत होतं. मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपतंच. ते नितळ असलं तर काळजी नाही. गढूळ असेल तर ते एकटं येत नाही, बांध आतून पोखरून माती घेऊन येतं.

काका फाटकाशी काहीतरी ओरडत होते. वाऱ्यात एक अक्षर कळेना. मग त्यांनी दोन्ही हातांनी ओंजळ करून दाखवली. मी थर्मासचं झाकण काढलं, चहा झटकला आणि खळग्यातलं पाणी भरलं. धडपडत उठताना अर्धं सांडलं. तसंच झाकण धरून, एक पाय अनवाणी, मी फाटकापर्यंत आले.

आम्ही दोघं त्या झाकणात बघत राहिलो. पाणी स्थिर होईना, कारण मी स्थिर नव्हते. काकांनी ते माझ्या हातातून घेतलं, फाटकाच्या खांबाच्या डोक्यावर ठेवलं आणि वाऱ्याला आडवे उभे राहिले. एक मिनिट झालं असेल. तळाशी काळा गाळ बसला. त्यांनी बोट बुडवलं, अंगठ्याशी घासलं.

‘‘उतारावरची माती तांबडी आहे,’’ ते म्हणाले. ‘‘ही काळी.’’

बांधाच्या पोटात पाणी अडवायला चिकणमातीची भिंत असते. ती काळी असते. हे मला पुस्तकातून माहीत होतं, त्यांना बोटांनी.

‘‘मी भोंगा वाजवते,’’ मी म्हणाले.

‘‘नको!’’ त्यांनी तारेतून माझी बाही पकडली. ‘‘अजून थोडा वेळ आहे. धार बारीक आहे. भोंगा ऐकला की जिन्यांवरून पळतील. गाडी मागवा, घरोघर सांगून माणसं काढा. आणि मोठ्या साहेबांना फोन लावा, आत्ता. आणि मॅडम...’’ बाही सोडली नाही. ‘‘माझं नाव घेऊ नका. माझं नाव ऐकलं की चहा पिऊन मग येतील.’’

फोन लावला. चार वेळा वाजला. पाचव्या वेळी मोठे साहेब म्हणाले, ‘‘हं, बोला, काय काढलंत सकाळी सकाळी?’’

मी सांगितलं. चौथा खांब, गढूळ पाणी, काळी माती.

मग: ‘‘कोणी बघितलं?’’

‘‘मी, साहेब. पाहणी करताना.’’

‘‘नक्की? तो भोंगा नाही ना तुमच्याबरोबर?’’

काका माझ्यापासून दोन हातांवर होते. आवाज मोठा होता, त्यांना ऐकू गेलं असणार. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणा.

‘‘नाही,’’ मी म्हणाले.

साहेब पंचवीस मिनिटांत हजर झाले. ती पंचवीस मिनिटं मी त्या खळग्याशी उभी होते आणि काका फाटकाच्या बाहेर. खळगा मुठीएवढा होता तो वाटीएवढा झाला. मग ताटलीएवढा. वर वारा लाटा आपटत होता, दर आपटण्याला मला वाटायचं की पायाखालची जमीन हलली. मला पळून जावंसं वाटत होतं, हेही सांगते. काका तिथे उभे नसते तर कदाचित पळालेही असते. साहेबांची गाडी दिसली तसे ते गुपचूप बागेकडे वळले.

पुढचं सगळं नेटकं झालं. गाड्या फिरल्या, दुपारपर्यंत चारशे घरं टेकडीवरच्या शाळेत पोचली, एकही माणूस जिन्यावर पडला नाही. तलावाचे दरवाजे उघडून पाणी सोडलं. असं पाणी बूच मारून कोंडायचं नसतं, ते दुसरीकडून फुटतं. त्यावर आधी वाळू, मग खडी, मग दगड असे थर घालायचे, म्हणजे पाणी येत राहतं पण माती आतच थांबते. दोन दिवस माणसं पोती वाहत होती. पोती वाहणाऱ्यांत काका होते. फाटकाच्या बाहेरपर्यंत. तिथे पोतं ठेवायचं, दुसऱ्याने उचलायचं. साहेबांनी विचारलं, ‘‘हा आत का येत नाही?’’ मी सोडून कोणालाच आठवेना.

बांध वाचला. वाचलेल्या गोष्टींची फार काळ कोणी आठवण काढत नाही, पण मला पत्र मिळालं: नियमित पाहणीदरम्यान दाखवलेल्या दक्षतेबद्दल अभिनंदन. आईने ते चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलं. पुढल्या वर्षी बढती. राखणदाराला मात्र तंबी मिळाली, कारण नोंदवहीत सोमवार, मंगळवार, बुधवार ‘सर्व ठीक’ होतं. त्याखालच्या माझ्या सहीबद्दल कोणी विचारलं नाही. जिने पाझर शोधला तिला कोण विचारणार?

फोनवर खोटं बोलले त्याचं मला काही वाटत नाही. ते गरजेचं होतं, आणि त्यांनीच सांगितलं होतं. पण संध्याकाळी बांध वाचल्यावर खरं सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी आलं असतं. मी मनाशी म्हणत होते, पत्र येऊ दे, मग सांगू. पत्र आल्यावर म्हटलं, बढतीचं होऊ दे. एकदा बागेत त्यांना गाठून म्हणाले, ‘‘काका, मी साहेबांना सांगणार आहे.’’ ते रोपाला आळं करत होते, मान वर न करता म्हणाले, ‘‘कशाला मॅडम? पक्षी उडून गेला.’’ मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाला हेडक्लार्कनी भाषण केलं, ‘‘आजपासून आमचा भोंगा बंद,’’ आणि टाळ्या पडल्या. मी खुर्चीवर बसले होते. माझी पाळी आली तेव्हा मी त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल चार वाक्यं बोलले. बोलताना त्यांच्याकडे बघितलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी आली. काका गेले, म्हणाली, झोपेत. मागे त्यांनी काही ठेवलं नव्हतं, फक्त वह्या. ‘‘बाबा म्हणायचे, या मॅडमना दे. त्यांची नजर तेज आहे, पाणलावे त्यांनीच पहिले बघितले.’’

मी तिला चहा दिला, काहीतरी बोलले, ती गेली. मग ती वही शोधून काढली. पान एकशे एकतीस, उजवीकडे वर, गुरुवारची तारीख. चांदवे एकशे बारा. थापट्या चाळीस. खंड्या एक, पहिला कोणी बघितला: मॅडम. आणि शेवटची ओळ: पाणलावा, पाच, बांधाचा पायथा. त्यापुढे त्याच पेन्सिलीने, त्याच ठाम अक्षरात: मॅडम.

डावीकडे बघितलं तर तिथे लाल पेन्सिलीने एकशे अठ्ठावीस लिहिलेलं. मधलं पान ब्लेडने कापलेलं होतं, शिलाईला लागून, इतकं सफाईने की नंबर नसते तर कळलंही नसतं. सोमवारपासून तिथे ओल होती आणि खाली माझी सही असलेल्या नोंदवहीत ‘सर्व ठीक’ होतं, हे सांगणारा जगात तेवढाच एक कागद होता. सगळ्या वह्या मी पान न् पान तपासल्या. दुसरं एकही पान कापलेलं नाही. न बघितलेली चार बदकं लिहू न देणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाच खोटी नोंद केली, ती माझ्यासाठी.

हे मी मुख्य ऑफिसलाही लिहून पाठवलं आहे, सहीसकट. आईच्या भिंतीवरची चौकट काढली. पण वही अपुरी राहू नये. कापलेल्या पानावर काय होतं ते मी त्या फाटकापाशी माझ्या डोळ्यांनी वाचलं आहे, तेव्हा ते लिहायचा मला हक्क आहे. तीन ओळी होत्या. सोमवार: पाणलावा, एक. मंगळवार: पाणलावा, दोन. बुधवार: पाणलावा, तीन. आणि तिन्ही ओळींपुढे, पहिला कोणी बघितला त्या रकान्यात: स्वतः.